रोजगाराचे आकडे वाचायला शिकताना: सांगलीतल्या नव्या अभ्यासकांसाठी

स्पर्धा परीक्षेसाठी असो की एम.ए.च्या प्रबंधासाठी, ‘सरकारचं आर्थिक धोरण आणि रोजगार’ हा विषय हातात घेतला की मुलं आधी जाडजूड पुस्तक शोधतात. विश्रामबागेत मी याच मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. पुस्तक लागतंच, पण पहिला महिना दुसऱ्याच कामाला द्या: सरकार कुणाला कामात धरतं आणि कुणाला धरत नाही, एवढं नीट समजून घ्या. ते कळलं की दिल्लीतल्या निम्म्या भाषणांचा उलगडा होतो.

निवडणूक आली की एक बाजू म्हणते बेरोजगारी घटली, दुसरी म्हणते तरुणांच्या हाताला काम नाही. दोघंही बहुतेक वेळा एकाच पाहणीतून आकडे उचलतात. नियतकालिक श्रमशक्ती पाहणी, म्हणजे पीएलएफएस, २०१७ साली सुरू झाली. त्याआधीची राष्ट्रीय नमुना पाहणी साधारण पाच वर्षांनी व्हायची आणि रोजगाराची शेवटची मोठी पाहणी २०११-१२ची. म्हणजे नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीचा रोजगारावर काय परिणाम झाला हे याच पाहण्यांवरून ठामपणे सांगता येत नाही, कारण मधल्या वर्षांची मोजणी त्यांत नाही. कुणी ठणकावून सांगत असेल, तर आकडा कुठला ते विचारा.

पीएलएफएसप्रमाणे १५ वर्षांवरच्या लोकांतला बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के. याच काळात श्रमशक्तीत, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांत, असलेल्या बायकांचं प्रमाण २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेलं. आकडे खरे आहेत. मग एवढ्या बायका कुठल्या कामाला लागल्या?

तासगावकडच्या एका विद्यार्थिनीला मी पाहणीतले प्रश्न घरी विचारायला सांगितले होते. द्राक्षांचा हंगाम उरकत आलेला, घरचं बेदाण्याचं शेड भरलेलं. आईला विचारलं, “गेल्या सात दिवसांत काय काम केलंस?” आई म्हणाली, “मी कुठं कामाला जाते गं? घरातच तर असते.” मग पोरीनं एकेक दिवस काढून विचारलं. रॅकवरचा माल बघणं, वाळलेला बेदाणा झाडून काढणं, निवडायला बसणं. पगार शून्य. पण विक्रीचा माल घरच्या धंद्यात तयार होतो, म्हणून पाहणीच्या लेखी ही बाई रोजगारात आहे: घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस. आणि आठवड्यात कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं, तरी चालू साप्ताहिक स्थितीत, म्हणजे गेल्या सात दिवसांवरून केलेल्या मोजणीत, ती व्यक्ती कामावर धरली जाते. उलट कॉलेजात नाव असलेला आणि काम न शोधणारा तिचा मुलगा बेरोजगारांत येत नाही. तो श्रमशक्तीच्याच बाहेर.

त्या आईचे कष्ट मोजले गेले याचा मला आनंद आहे, ते कधीच मोजायला हवे होते. पण तिला कुणी नोकरी दिली असं यातून निघत नाही. म्हणून बेरोजगारीच्या दराशेजारी कायम आणखी दोन रकाने वाचा. काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारातले लोक (त्या आईसारखे बिनपगारी मदतनीसही यातच) २०१७-१८ मध्ये ५२.२ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ५८.४. शेतीत काम करणारे ४४.१ टक्क्यांवरून ४६.१ वर गेले. देश पुढे जाताना माणसं शेतीतून कारखान्याकडे सरकतात असं आपण शिकतो. इथं काटा उलटा फिरलेला दिसतो. माझ्या मते राष्ट्रीय राजकारणात सगळ्यात जास्त चर्चा याचीच व्हायला हवी.

भविष्यनिर्वाह निधीचे आकडे दर महिन्याला येतात, तेही जपून वापरा. साधारणपणे २० माणसं असलेल्या आस्थापनेला तो कायदा लागतो. कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये एकोणिसाचे वीस झाले की जुन्या एकोणीस जणांचीही नोंद नव्याने होऊ शकते. त्यांना पीएफ मिळू लागला ही चांगलीच गोष्ट, पण नवं काम एकालाच मिळालं.

धोरण कसं जन्मतं हे बघायचं तर आपल्याला लांब जायला नको. १९६५ साली वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात तीच कल्पना राज्यभर लोकांना जगवायला उपयोगी पडली. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पगाराच्या स्लिपवर तो अजून कापलेला दिसतो. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ मध्ये संसदेने देशासाठी वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला. पैसा कुठून येणार याचं उत्तर महाराष्ट्राने सुरुवातीलाच शोधलं होतं. कुठलीही नवी योजना वाचताना हाच प्रश्न आधी विचारा.

सरावासाठी सध्याची रोजगार प्रोत्साहन योजना घ्या. १ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ९९,४४६ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. दोन वर्षांत साडेतीन कोटी नोकऱ्यांचं उद्दिष्ट. पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला दोन हप्त्यांत १५,००० रुपयांपर्यंत, आणि मालकाला प्रत्येक जादा कामगारामागे महिना ३,००० रुपयांपर्यंत. ५० पेक्षा कमी कामगार असतील तर किमान दोन माणसं वाढवायला हवीत. आता कुपवाडला किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत एखाद्या छोट्या कारखानदाराला भेटा आणि विचारा: ही दोन माणसं अनुदानामुळे घेताय, की ऑर्डर आली म्हणून घेणारच होता? उत्तर तारखेसकट वहीत उतरवा आणि वर्षभराने त्याच शेडमध्ये जाऊन, ती दोघं अजून कामावर आहेत का ते बघा.