पॉवर प्लांटची जनसुनावणी लागलीये? नुसत्या घोषणा देऊन परत येऊ नका

कोळशावरचा मोठा प्लांट येणार म्हटलं की 2006 च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याची तपासणी) अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागते. पण हे मतदान नाहीये हे आधी डोक्यात पक्कं करा. प्लांट 500 मेगावॉट किंवा त्याहून मोठा असेल तर फाईल दिल्लीच्या तज्ज्ञ समितीकडे जाते, ती शिफारस करते आणि मंजुरी केंद्राचं पर्यावरण मंत्रालय देतं. मग जायचं कशाला? तर सुनावणीत नोंद झालेल्या मुद्द्याला कंपनीला या तपासणीच्या अंतिम अहवालात उत्तर द्यावंच लागतं, म्हणून.

नोटीस पेपरात किमान 30 दिवस आधी येते. त्याच दिवशी कामाला लागा. अहवालाचा मसुदा कलेक्टर ऑफिसात, जिल्हा परिषदेत बघायला ठेवलेला असतो, मराठी सारांश पण असतो, पण सारांशात सगळं गोडगोडच असतं, म्हणून एखाद्या शिकलेल्या पोराला बसवून मूळ अहवालातलं पाणी आणि राख एवढं तरी वाचून घ्या.

मग हरकत लेखी द्या. "आमचा विरोध आहे" एवढंच लिहिलं तर त्याला उत्तर काय देणार कोणी? त्यापेक्षा "राखेच्या तलावाला लागून आमचा ओढा आहे, तो नकाशात दाखवलेलाच नाही, पावसाळ्यात बांध फुटला तर पाणी कुठल्या शेतात जाणार?" असं लिहा, गट नंबर टाका, फोटो जोडा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात देऊन पोच घ्या, शिक्क्याशिवाय हलू नका. ग्रामसभेचा ठराव असेल तर तोही जोडा.

सुनावणीला अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी असतात, शूटिंग चालू असतं. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचा नियम आहे, आणि नेमकी तेव्हाच मंडळी जेवायला घरी गेलेली असतात! तुम्ही थांबा, तुमचा मुद्दा सुटला असेल तर तिथल्या तिथे उठून सांगा.

कायम लक्ष ठेवणारं स्थानिक मंडळ सगळीकडे नसतं. डहाणूला 1996 साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती धर्माधिकारी अध्यक्ष, आणि त्याने तिथल्या 500 मेगावॉटच्या प्लांटला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. आपल्याकडे असे दात असलेलं कोणी नाही, त्यामुळे कागद आपणच सांभाळायचे.

मंजुरी निघालीच तर राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाच्या खटल्यांचं कोर्ट) अपिलाला 30 दिवस असतात, आपल्याला पुण्याचं खंडपीठ. तेव्हा वकील पहिल्यांदा ती पोचच मागेल.