स्वस्तातलं होम थिएटर घेताय? या चुका टाळा

मागच्या दिवाळीत लातूरच्या मामांनी बैठकीत ५.१ होम थिएटर आणलं. पाच स्पीकर, एक वूफर, ब्लूटूथ, एफएम, पेनड्राइव्ह, सगळं होतं. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "आरं, आवाज लई हाय, पण माणसं काय बोलतेत तेच कळंना गेलंय."

मी गेलो, सेट फिरवून मागं पाहिलं. टीव्हीचा आवाज आत घ्यायला एक लाल आणि एक पांढरं, अशी दोनच सॉकेट. डिजिटल आवाज घेणारी एचडीएमआय किंवा ऑप्टिकल सॉकेट नाहीत. म्हणजे आत येतोय तो दोन चॅनलचा, डावा आणि उजवा एवढाच आवाज, आणि तोच पाच स्पीकरवर वाटून दिलेला. मग मधल्या स्पीकरवर संवाद वेगळे येणार कुठून?

कमी बजेटात सगळ्यात जास्त पैसे याच चुकीत जातात. स्पीकर मोजून ५.१ होत नाही. सहा आवाज वेगवेगळे यावे लागतात, आणि त्यासाठी सेटमध्ये डॉल्बी डिजिटलचा डीकोडर, म्हणजे एकत्र आलेले ते आवाज सुटे करणारा भाग लागतो. म्हणून खोक्यावरचं नाव वाचण्याआधी सेटची मागची बाजू बघा. 'एचडीएमआय एआरसी' (टीव्हीचा आवाज सेटकडे पाठवणारं एचडीएमआय सॉकेट) किंवा ऑप्टिकल सॉकेट नसेल तर टीव्हीसाठी तो सेट घेऊ नका. काही सेटना मागं सहा सॉकेट असतात, पण ती डीव्हीडी प्लेअर किंवा कॉम्प्युटरसाठी; टीव्हीला तसे सहा आउट नसतातच. ब्लूटूथनं जोडलं तरी दोनच चॅनल जातात. दुकानात गाणं लावून पारख करू नका. गाणी बहुतेक स्टीरिओच, म्हणजे दोन चॅनलचीच असतात आणि वूफर धडधडला की कोणताही सेट भारी वाटतो. बातम्या लावायला सांगा, आवाज कमी करा आणि शब्द न् शब्द कळतो का ते ऐका.

वॅटचंही तसंच. खोक्यावर हजारांत लिहिलेला आकडा पीएमपीओचा असतो, म्हणजे क्षणभराचा. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारा. १२ बाय १४ च्या बैठकीला खरे १०० वॅट आरएमएस भरपूर होतात. आणि पैसे कमीच असतील तर माझं स्पष्ट मत आहे: नावापुरत्या ५.१ पेक्षा मधला स्पीकर असलेला ३.१ साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा एकच लांब स्पीकर, सोबत वूफर) घ्या. मामांनी शेवटी वर पैसे घालून सेट बदलून तसाच साउंडबार घेतला. मामींना मालिकेतलं बोलणं आता नीट ऐकू येतं.

सेट चांगला असूनही मागचे स्पीकर मुके असतील तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. साउंड आउटपुटला 'पीसीएम' (टीव्हीनं आधीच उलगडलेला आवाज) असेल तर एआरसीमधून दोनच चॅनल बाहेर पडतात. तिथं 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करा. केबल एआरसी लिहिलेल्याच पोर्टमध्ये हवी. शिवाय जे बघताय त्याचा ऑडिओ ५.१ आहे का तेही बघा.

वायर जोडताना घाई नको. टोक अर्धा इंच सोला, तारा पिळून घट्ट करा, लाल ते लाल, काळी ते काळी. एखाद्या स्पीकरची उलटी लागली तर आवाज येतो, पण बेस पातळ होतो आणि संवाद मधून आल्यासारखे वाटत नाहीत. सुटलेली एक बारीक तार शेजारच्या टोकाला चिकटली तर अॅम्प्लिफायर जळू शकतो.

पाचही स्पीकर टीव्हीच्या शोकेसमध्ये मांडलेले मी कितीतरी घरांत पाहिलेत. मागचे दोन तुमच्या बाजूला, जरासे मागं, कानापेक्षा फूटभर वर लावा. वूफर कोपऱ्यात कोंबला की घुमतो. तो थोडा वेळ सोफ्यावर, तुमच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि खोलीभर फिरा. जिथं बेस एकसारखा ऐकू येईल तिथं तो खाली ठेवा. नव्या स्लॅबच्या घरांत गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असल्यामुळे आवाज आदळून परत येतो. टीव्ही आणि सोफ्याच्या मधे जाड सतरंजी किंवा घरातली जुनी वाकळ अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा. मामांच्या घरी नुसत्या वाकळीनं फरक पडला.

स्पीकरमधून सतत 'गूं' येत असेल तर डिशची किंवा केबलची वायर क्षणभर काढून बघा. आवाज थांबला तर दोष तिथंच आहे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि होम थिएटर एकाच बोर्डवर घ्या. आवाज जावा म्हणून अर्थिंगची पिन मात्र कधीच काढू नका. लाईट गेल्यावरच गुरगुरतं का? मग कारण बहुधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर, म्हणजे ओबडधोबड लहरीची वीज देणारा स्वस्त इन्व्हर्टर असतं. लाईट परत येताना व्होल्टेज उसळतं, त्यामुळे ती गेली की सेटचं बटण बंद करा. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडायच्या आधीच प्लगसोबत डिशची वायरसुद्धा काढून ठेवा.