सीडी, डीव्हीडी की ब्लू-रे, ओळखायचं कसं
इंदूरच्या घरी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून डबाभर डिस्क निघाल्या, ताईच्या लग्नाची पण, आणि सगळ्या दिसायला सारख्याच, 12 सेंटीमीटरच्या. तर भिया, आधी लेबलवरचा लोगो बघा. सीडीत 700 एमबी, डीव्हीडीत एका थराला 4.7 जीबी, ब्लू-रेत 25, कारण लेझरची लहर जितकी बारीक (780, मग 650, मग 405 नॅनोमीटर) तितकं दाटीनं लिहिता येतं. ब्लू-रे डीव्हीडी प्लेयरमध्ये घालूच नका, वाचणार नाही, डीव्हीडी ब्लू-रे प्लेयरमध्ये मात्र बहुतेकदा चालते. आणि सीडीचा डेटा लेबलच्या अगदी खालीच असतो बरं का, वर बॉलपेननं लिहू नका, मी लिहिलं होतं, वरातीचा भाग गेला तो गेलाच! पुसताना मऊ कापड मधून कडेकडे फिरवा, गोल गोल नाही.