जर्मन नागरिकत्वाची फाइल: आधी गावाकडची जन्मनोंद बघा

२७ जून २०२४ पासून जर्मनीत नागरिकत्वासाठी आठऐवजी पाच वर्षं पुरतात. तीन वर्षांत मिळणारी खास सवलत ऑक्टोबर २०२५ अखेर बंद झाली, त्यामुळे ती सांगणारे जुने व्हिडिओ बघत बसू नका. बी-वन पातळीची, म्हणजे रोजचा व्यवहार जमेल इतकी जर्मन भाषा, ३३ प्रश्नांपैकी १७ बरोबर आले की पास होणारी नागरिकत्वाची परीक्षा, मोठ्या माणसाला २५५ युरो फी, पगाराच्या शेवटच्या स्लिपा, पेन्शनच्या नोंदींचा उतारा, घराचा भाडेकरार. हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार आणि यात फारसं कुणी अडकत नाही. परीक्षेचे ३१० प्रश्न आधीच जाहीर आहेत, नीट अभ्यास केला तर ती होतेच.

अडकायला होतं जन्मदाखल्यात. मी अडकले, माझ्या ओळखीतले निम्मे लोक अडकले, आणि आम्ही सगळ्यांनी ते सर्वांत शेवटी हातात घेतलं होतं, कारण वरवर बघता ते सगळ्यात सोपं वाटतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा भारतीय पासपोर्ट शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निघालेला असतो. जन्मदाखला कुणी कधी मागितलेलाच नसतो. घरी तो असतो, पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि आई-बाबा फोनवर सांगतात, 'आहे गं, सगळं आहे.' तो कागद प्रत्यक्ष वाचलेला नसतो. माझ्या दाखल्यावर बाळाच्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ होती. खाली 'स्त्री', जन्मतारीख, वडिलांचं नाव, आईचं नाव, आणि माझं नाव कुठेच नाही.

याचं कारण अगदी साधं आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि दवाखाना ती दोन-चार दिवसांतच पाठवून मोकळा होतो. आपल्याकडे नाव ठेवायचं बाराव्या दिवशी, बारशाला. मग नंतर नाव घालायला कुणी जातच नाही, कारण शाळेत तोंडी सांगितलं की काम भागतं. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे नोंद बाबांच्या गावी नाही, आजोळच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. पासपोर्टवर मात्र जन्मस्थळ म्हणून आपण ज्या गावात वाढलो ते लिहिलेलं. काहींची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, कारण गुरुजींनी प्रवेशासाठी तीच घातली, आणि नोंदवहीत खरी तारीख वेगळीच आहे.

इथल्या जर्मन अधिकाऱ्याच्या जागेवर बसून हे कागद बघा. एका दाखल्यावर नाव नाही. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. लग्नात नाव बदललेलं असेल तर पहिलं नावसुद्धा वेगळं. वडिलांचं नाव एकीकडे दत्तू, दुसरीकडे दत्तात्रय. आई एकीकडे शालन, दुसरीकडे शालिनी. आपल्याला हे घरचं वाटतं, आपल्याला कळतं की माणसं तीच आहेत. त्याला कळायचं काही कारण नाही. त्याला समोरच्या बाईचा आणि त्या कागदाचा संबंध कागदावरच दिसायला हवा, आणि मी त्याला दोष देत नाही.

इथे सगळे सुचवतात ते प्रतिज्ञापत्र. स्टॅम्पपेपरवर 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असं लिहून नोटरीचा शिक्का. भारतात त्यावर बरीच कामं होतात. माझ्या फाइलीत ते चाललं नाही, आणि का चाललं नाही हे समजून घ्या, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. प्रतिज्ञापत्र म्हणजे तुमचंच म्हणणं, शिक्का मारलेलं. जर्मन कचेरीला हवी असते मूळ नोंद. संशय आला तर ती कचेरी भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत कागदांची पडताळणी करवते. त्यांनी नेमलेला वकील प्रत्यक्ष त्या गावात, त्या कार्यालयात जातो आणि नोंदवही उघडून बघतो. ही पडताळणी आपण स्वतः मागवू शकत नाही, कचेरीनेच मागवायची असते, खर्च आपल्याला पडतो आणि त्यात महिनेच्या महिने जातात. त्या वकिलाला वहीत नाव दिसलं नाही, तर तुमच्या हातातला दाखला कितीही सुंदर छापलेला असो, त्याचा उपयोग नाही.

म्हणून दाखल्याची नवी प्रत काढण्याआधी नोंदवहीतली नोंद दुरुस्त करा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये दोन वेगवेगळ्या तरतुदी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. कलम १४ नाव घालण्यासाठी आहे, म्हणजे रकाना रिकामा असेल तर. कलम १५ चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीसाठी. दत्तूचं दत्तात्रय हे पंधरात येतं. नाव घालायला पंधरा वर्षांची मुदत आहे, पण ती उलटून गेलेल्यांसाठी महाराष्ट्रात वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, तेव्हा आत्ता काय चालू आहे ते त्याच कार्यालयात विचारा. पंधराखालची दुरुस्ती समासात लिहितात, मूळ नोंद खोडत नाहीत, आणि निबंधक तिथे तारखेसह सही करतो. जुनी आणि नवी दोन्ही नावं एकाच पानावर दिसतात. जर्मन अधिकाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. त्या पानाची साक्षांकित नक्कल मागा, नुसता संगणकावरचा दाखला नको.

माझ्यासाठी हे माझ्या बाबांनी केलं. निवृत्तीनंतर गुडघे दुखत असताना एसटीने आजोळच्या गावी जायचे. कधी साहेब मीटिंगला, कधी जुन्या वह्या तालुक्याला गेलेल्या. मी इथून रोज फोन करून त्यांना विचारायची आणि त्यांना काय सांगावं कळायचं नाही. शेवटी तिथल्या एका लिपिक बाईंनी जुनी वही काढली, बोट ओळींवरून फिरवत नेलं आणि आडव्या रेघेवर थांबवलं. त्या दिवशी बाबांनी पाठवलेला फोटो मी जपून ठेवला आहे. तुमचे आई-वडील थकलेले असतील तर हे काम त्यांच्यावर टाकू नका. सुट्टीवर जाल तेव्हा पहिल्याच आठवड्यात स्वतः जा, आणि नाहीच जमलं तर चुलतभावाला किंवा मामेभावाला अधिकारपत्र द्या. नोंद कुठल्याच वहीत सापडली नाही तर अनुपलब्धतेचा दाखला घेऊन उशिराच्या नोंदीची वेगळी प्रक्रिया असते, ती लांब आहे. पण म्हणून घाबरून जाऊ नका, तीही होते. आमच्याच शहरातल्या एका मैत्रिणीची झाली.

आता अपोस्टिल, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून हेग करारानुसार त्यावर लावायचं सरकारी प्रमाणपत्र. हे ठळक सांगते: भारतातल्या कागदांवरचं अपोस्टिल जर्मनीत चालत नाही. भारत २००५ मध्ये त्या हेग कराराचा सदस्य झाला, पण जर्मनीने भारताच्या सहभागाला हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांत तो करार लागू नाही. तरीही पुण्या-मुंबईतले एजंट 'युरोपला लागतंच' म्हणून हजारो रुपये घेऊन स्टिकर लावून देतात. एजंट या प्रकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जो माणूस तुमच्या कचेरीची यादी न वाचता पैसे सांगतो, त्याच्याकडे जाऊ नका. यादी प्रत्येक शहराची थोडी वेगळी असते. म्युनिकमधल्या मित्राला जे मागितलं ते तुम्हाला मागतील असं नाही, आणि त्याला जे मागितलं नाही ते तुम्हाला मागू शकतात. आधी झालेल्या मंडळींचा आधार मोठा असतो, मलाही झाला. पण त्यांचा अनुभव त्यांच्या गावचा आणि त्यांच्या वर्षाचा असतो. यादी स्वतः लेखी मागवा.

भाषांतराची एक गोष्ट. ते जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या. महाराष्ट्रातला दाखला मराठी-इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळतो, तोच घ्या. फक्त देवनागरीतला कागद दिलात तर नाव ठरलेल्या लिप्यंतर-पद्धतीने लिहिलं जाऊ शकतं, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं देऊन, आणि पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी ते जुळत नाही. भाषांतरकाराला कामाआधी पासपोर्टची प्रत पाठवा आणि स्पेलिंग त्यावरूनच घ्यायला सांगा.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तीन कागद एकत्र लावावेत: विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, शासनाच्या राजपत्रात नावबदल छापला असेल तर ते पान, आणि माहेरच्या नावाचा जुना रद्द झालेला पासपोर्ट. तो जुना पासपोर्ट सर्वांत उपयोगी पडतो, कारण त्यावर फोटो असतो. घरी कुणी आवराआवरीत टाकून देईल, आजच सांगून ठेवा.

मधल्या नावाचंही इथेच सांगते. जर्मन कायद्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे लावायची पद्धत नाही, त्यामुळे इथे ते तुमचं दुसरं 'पहिलं नाव' होऊन बसतं. नागरिकत्व मिळाल्यावर जर्मन नोंदणी कार्यालयात, त्यांच्या EGBGB (नागरी संहितेचा प्रास्ताविक कायदा) या कायद्याच्या कलम ४७ खाली, ते वगळण्याची घोषणा करता येते. मी केली नाही. बाबांचं नाव राहू दिलं. तुम्ही काय कराल ते तुमचं, पण जर्मन पासपोर्टचा अर्ज करण्याआधी ठरवा.

आणि एक गैरसमज. जर्मनी आता जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही हे खरं. पण भारताच्या १९५५ च्या कायद्यातलं कलम ९ तसंच आहे: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. 'दोन्ही ठेव, कुणाला कळतंय' असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकून भारतीय पासपोर्टवर प्रवास केलात तर दंड आणि पुढची कटकट तुमच्या वाट्याला येईल. तो पासपोर्ट भारतीय वकिलातीत जमा करा, त्याचं प्रमाणपत्र घ्या, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज. ओसीआयवर राहता येतं, काम करता येतं, मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने येणारी वेगळी. गावाकडे सातबारावर नाव चढवायचं राहिलं असेल, भावंडांमधली वाटणी लांबली असेल, तर ते घरच्यांशी आधी बोलून घ्या. हे मला फार उशिरा कुणीतरी सांगितलं.

पासपोर्ट जमा करायच्या आधी त्याचं पानन् पान स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा. ओसीआयला, बँकेला, गावच्या तलाठ्याला, कुणाला ना कुणाला ते लागतं.