सेलिहोथ आणि माफी: नव्याच्या सणाआधी काय आणि कसं करायचं

रोश हाशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, जुन्या माणसांच्या तोंडचा नव्याचा सण, हिब्रू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या 1 तारखेला येतो. त्याआधीचा एलूल महिना नेहमी 29 दिवसांचा. सेफार्दी या ज्यू परंपरेच्या रिवाजात 2 एलूलपासून सेलिहोथ, म्हणजे देवाकडे क्षमा मागण्याच्या प्रार्थना, सुरू होते आणि योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, आदल्या पहाटेपर्यंत चालते. शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) आणि रोश हाशानाच्या दोन्ही दिवशी ती म्हणत नाहीत.

सगळ्यात जास्त चूक वेळेची होते. रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात सेलिहोथ म्हणायची नाही, आणि मध्यरात्र म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. सूर्यास्त ते सूर्योदय यांच्या बरोबर मधली ती वेळ. अलिबाग-रेवदंड्याकडे या दिवसांत ती साडेबारा ते पावणेएकच्या दरम्यान येते. खरी वेळ पहाटेचीच. पावणेपाचला सुरुवात केली, तर शब्द न गिळता म्हणून होतं आणि सकाळची तेफिला (नेहमीची प्रार्थना) त्यालाच जोडून घेता येते. भाद्रपदातल्या पावसात वीज जातेच. छापील पुस्तक आणि विजेरी रात्रीच उशाशी ठेवा. फक्त मोबाइलवर विसंबलात, तर नेमकी पापांच्या कबुलीच्या जागी बॅटरी संपते.

सेलिहोथचा गाभा म्हणजे देवाचे तेरा गुण, तोरा या पवित्र ग्रंथातल्या निर्गम 34:6-7 मधले: 'अदोनाय, अदोनाय, एल रखूम वेखन्नून'. हे प्रार्थना म्हणून म्हणायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हवेत. आपल्या गावांत आता दहा जमवणं किती कठीण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आठवड्यातून एक दिवस तरी पेण, अलिबाग, पोयनाडच्या घरांनी ठरवून एकत्र यावं. दहा नसतील तर हेच शब्द तोरा वाचतात त्या सुरात, वचन म्हणून वाचा. प्रार्थनेत आपण वचनातल्या 'वेनक्के' या शब्दापाशी थांबतो. एकट्याने वाचताना तिथे तोडू नका, वचन शेवटपर्यंत न्या. कद्दीश (देवाच्या स्तुतीची प्रार्थना) आणि अरामी भाषेतले भाग दहांशिवाय गाळा.

मग पापांची कबुली: 'आशमनू, बागदनू, गाझलनू…' हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने. उभं राहा, थोडं वाका, आणि दर शब्दाला उजव्या मुठीने छातीवर डाव्या बाजूला हलकेच मारा. वेग धरला की मूठ शब्दांच्या पुढे पळते. एक शब्द, एक ठोका. अर्थ कळत नसेल, तर आदल्या संध्याकाळी मराठी अनुवाद वाचून ठेवा. पहाटे अर्थ शोधत बसलात तर हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, पुढे निघून जातो.

शोफार, म्हणजे फुंकायचं शिंग, असेल तर तो पावसाळ्यात दमट होतो, तोंडाशी ओल राहते आणि आवाज बसतो. फुंकून झाल्यावर तोंड खाली करून ठेवा, मग सुक्या फडक्याने पुसा. लांबीत तडा गेलेला दिसला तर जाणत्याला दाखवा. तो चालेल असं गृहीत धरू नका.

एवढं सगळं देवाशी झालं. माणसाला दुखावलं असेल, तर योम किप्पूर ते धुऊन काढत नाही; मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ हे स्पष्ट सांगतो. आधी त्या माणसाला राजी करावं लागतं. इथेच लोक कमी पडतात.

'काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा' असा एकच निरोप सगळ्या नातेवाइकांना पाठवणं म्हणजे माफी मागणं नव्हे. काय केलं ते नाव घेऊन सांगा: 'दादा, वाडीच्या वाटणीत मी तुझ्या हिश्श्याचे नारळ दोन वर्षं काढले.' आणि हे म्हणण्याआधी नारळांचे पैसे त्याच्या हातात पडले पाहिजेत. देणं बाकी ठेवून मागितलेली माफी अर्धीच. मात्र त्याच्या पाठीमागे तुम्ही काही बोललात आणि ते त्याला ठाऊकच नाही, तर तपशील उकरून नवी जखम करायची की नाही, हे आधी जाणत्याला विचारा.

तो ऐकत नसेल तर तीन वेळा जा, दर वेळी तिघांना सोबत घेऊन आणि बोलण्याची रीत बदलून. म्हणूनच एलूलच्या सुरुवातीलाच यादी करा. किप्पूरच्या संध्याकाळी तीन फेऱ्या होत नाहीत. इस्राएलमध्ये गेलेल्यांना फोन करताना लक्षात ठेवा, या महिन्यांत तिथलं घड्याळ अडीच तास मागे असतं. इथले सकाळचे सात म्हणजे तिथले साडेचार.

तुमच्याकडे कोणी आलं तर ताटकळत ठेवू नका. 'बघू' म्हणू नका, 'माफ केलं' हे शब्द तोंडाने म्हणा.

दुखावलेला माणूस वारला असेल, तर दहा जणांना घेऊन कबरीवर जायचं आणि म्हणायचं: 'मी इस्राएलच्या देवाचा आणि या माणसाचा अपराध केला.' पैशांचं असेल तर ते वारसांना द्यायचे. कबर लांब असली तर तिथल्या कोणाला तरी आपल्या वतीने दहा जणांसह पाठवता येतं. ते दहा जण तीनदा उत्तर देतात: 'तुला माफ आहे.'