प्रायमरीत आपल्याच खासदाराला आव्हान द्यायचं, तर आधी सह्या

गावी मी एवढंच पाहिलं होतं, की तिकीट श्रेष्ठी देतात आणि कार्यकर्ते सतरंज्या उचलतात. इथे अमेरिकेत, मिशिगन राज्यात, तिकीट मतदारच देतात, ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. निवडून गेल्यावर खासदार पक्षाच्या लोकांना विसरला, तर त्याला तिथेच गाठता येतं.

सुरुवात त्याच्या मतांपासून करा, भाषणांपासून नको. प्रतिनिधिगृहात नावानिशी झालेलं प्रत्येक मतदान सभागृहाच्या क्लार्कच्या (सचिवाच्या) संकेतस्थळावर दिसतं. शब्द फिरवल्याची तीन मतं तारखेसह एका कागदावर उतरवा आणि त्याच्या सभेत उभं राहून कारण विचारा. पटण्यासारखं उत्तर मिळालं तर थांबा. नुसती भीती घालायला उमेदवार उभा करू नये, असं मला मनापासून वाटतं.

नाहीच पटलं, तर सह्या. काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या प्रतिनिधिगृहासाठी, प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव यायला इथे मतदारांच्या 1,000 वैध सह्या लागतात, आणि खरी परीक्षा ‘वैध’ या शब्दात आहे. 2024 मध्ये डेट्रॉइटच्या 13 व्या मतदारसंघात आपले बेळगावकडचे श्री ठाणेदार खासदार होते. त्यांच्याविरुद्ध उतरलेल्या अॅडम हॉलियर यांनी दीड हजारांवर सह्या दिल्या होत्या. तपासणीत 863 टिकल्या आणि मतपत्रिकेवर त्यांचं नावच आलं नाही.

मी पहिल्यांदा अर्ज घेऊन फिरले ती आमच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात. तिळगूळ देत दुपारभरात चाळीस सह्या झाल्या, मी खूश. घरी येऊन मतदारयादीशी ताडून पाहिल्या, तर अकरा उरल्या. बाकीचे कुणी एच-वन-बी व्हिसावर, कुणी ग्रीन कार्डवर, म्हणजे नागरिकच नाहीत, तर कुणी शेजारच्या मतदारसंघातले. सही फक्त त्याच मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदाराची चालते. तेव्हापासून मी आधी पत्ता विचारते, मग पेन देते. सह्या गोळा करणाऱ्यानं स्वतःची सही आणि तारीख सगळ्यात शेवटी घालायची; त्या तारखेनंतरची सही बाद होते. दुप्पट सह्या घ्या आणि रोजच्या रोज ताडा.

देणगी ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, एच-वन-बीवाले नाही. त्यांनी बिनपगारी मदत मात्र जरूर करावी.

मग दारोदार. 2018 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांनी दहा वेळा निवडून आलेल्या जो क्राउली यांना हरवलं, तेव्हा दोघांची मिळून मतं 30,000 च्या आत होती. म्हणून सगळी वस्ती पालथी घालू नका. मागच्या ऑगस्टमध्ये कुणी मतदान केलं ते यादीतून काढा आणि त्यांच्याचकडे जा, एकदा नव्हे, तीनदा. प्रत्येकाला बजावा: प्रायमरीत एकाच पक्षाच्या रकान्यात खुणा करायच्या, नाहीतर पक्षांच्या रकान्यांतली सगळी मतं बाद होतात.

यासाठी जुलैची वाट पाहू नका. टपाली मतपत्रिका 40 दिवस आधीच मिळू लागतात, आणि माझ्या फेरीतले कितीतरी आजी-आजोबा त्या आल्या आठवड्यातच भरून पाठवतात.