मालवणच्या सागरी अभयारण्यालगत गरवताना

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. एकूण क्षेत्र 29.12 चौ. किमी. त्यातला साधारण 3.18 चौ. किमी.चा गाभा म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या भोवतालची पाण्याखालची खडपं (खडक), बाकीचा बफर, म्हणजे गाभ्याभोवतालचा पट्टा. सुटीत गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, येणाऱ्यांनी आधी कायदा समजून घ्यावा, कारण बहुतेक चुका किनाऱ्यावरच्या ऐकीव माहितीमुळे होतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: "बफरमध्ये चालतं." वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 यातली अभयारण्याची कलमं गाभा आणि बफर असा भेद करत नाहीत. कलम 29 नुसार परवान्याशिवाय अभयारण्यातले वन्यजीव नष्ट करता येत नाहीत की बाहेर नेता येत नाहीत. कलम 31 नुसार लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जाता येत नाही, आणि या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत बंदूक-सुरीच्या जोडीला गळ आणि जाळंही आहे. म्हणजे गळ पाण्यात पडण्याआधीच, तो होडीत असणं हाच प्रश्न होऊ शकतो. किल्ला पाहायला जाताना गळाचं सामान खोलीवर ठेवून जा. गुन्हा सिद्ध झाला तर त्यासाठी वापरलेली होडी आणि साहित्य सरकारजमा होतं, आणि होडी बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी पोटाची असते.

"पण तिथले लोक मारतात की!" हेही ऐकू येतं. समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपावं, असं कलम 26अ सांगतं. ते हित रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्याचं आणि होडीवर घर चालवणाऱ्याचं आहे. हौसेने गरवणाऱ्याला ते लागू नाही, आणि लागू करून घेऊही नये.

मग गरवणाऱ्याला अभयारण्याचा फायदा कुठे? हद्दीबाहेरच्या खडपांवर. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तरेला ली गावाजवळ 1975 पासून मासेमारी पूर्ण बंद असलेलं राखीव क्षेत्र आहे. ते जेमतेम 5 चौ. किमी.चं होतं तेव्हा भोवतालच्या सुमारे 400 चौ. किमी. समुद्रातली स्नॅपर या माशाची पिल्लं तपासली गेली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास दहातलं एक पिल्लू राखीव क्षेत्रातल्या माशांचं निघालं. मात्र तिथे बंदी खरोखर पाळली जाते. शिवाय हा लाभ खडप धरून राहणाऱ्या माशांपुरता: आपल्याकडे गोबरा, तांबोशी. सुरमई आणि बांगडा दूरवर फिरतात, एवढ्याशा अभयारण्याने त्यांच्यात मोठा फरक पडेल अशी अपेक्षा धरू नका.

आता प्रत्यक्ष तयारी. हद्दीचे अक्षांश-रेखांश वन विभागाकडून लेखी घ्या; मोबाईलवरच्या नकाशातली हिरवी रेघ पुरावा नाही. आकडे जीपीएसमध्ये भरताना एक चूक हमखास होते. कागदावर 16 अंश 2 मिनिटं 30 सेकंद असतं आणि यंत्र मिनिटांचे दशांश मागत असतं. तिथे 2.30 भरलं तर चुकलं, 2.50 भरायला हवं. फरक 0.2 मिनिटाचा, पण समुद्रावर तो सुमारे 370 मीटर होतो. प्रत्येक बिंदू भरल्यावर तो किल्ल्यापासून योग्य दिशेला दिसतो का, ते पाहा. मग हद्दीपासून 500 मीटरवर धोक्याची घंटा लावा.

घंटा इतकी लांब का, तर होडी वाहते. एक नॉट वेगाने ती मिनिटाला 31 मीटर सरकते. मासा लागला, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) अडकली, दहा मिनिटं गेली की 300 मीटर संपले. हिवाळ्यानंतर दुपारी वारा बहुधा वायव्येकडून येतो, त्यामुळे हद्दीच्या उत्तरेला वाहत ठेवलेली होडी दुपारी सरळ आत जाते. सकाळी कुठेही बसा, दुपारी मात्र दक्षिणेची बाजू धरा, म्हणजे वारा हद्दीपासून लांब नेतो. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोराचा असतो; नवख्यांनी भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस निवडावेत.

नांगर वाळूतच टाका, खडपावर नाही. दोर खोलीच्या पाचपट सोडा: 8 मीटर पाण्याला 40 मीटर. आखूड दोराने नांगर घसरतो आणि प्रवाळ खरवडत जातो.

किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांचा घोळ वेगळाच. मालवण बंदराजवळ अभयारण्याची सीमा किनाऱ्यापासून अवघ्या 50 मीटरवर येते. लांब काठीने गळाला लावलेलं शिसं सहज 60-70 मीटर जातं. म्हणजे माणूस बाहेर आणि गळ आत. त्या पट्ट्यात काठी उघडूच नका.

तांबोशी-गोबऱ्यासाठी गोल वळलेला गळ वापरा आणि त्याचा काटा (टोकाजवळचा उलटा दात) पक्कडीने दाबून टाका. मासा ओढायला लागला की झटका देऊ नका, नुसती तंगूस गुंडाळत राहा. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिला तर तो तोंडातून निसटतो. शिशाला मुख्य तंगुशीपेक्षा कमी ताकदीची जोड द्या, म्हणजे अडकल्यावर फक्त शिसं जाईल, दहा मीटर तंगूस प्रवाळावर राहणार नाही.

मोठा गोबरा सोडून द्या. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालते. पण 15-20 मीटर खोलीवरून वर आलेला मासा नुसता पाण्यात टाकून चालत नाही. डोळे बाहेर आलेले असतात, तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी डोकावतं. ते पोट असतं. ते टोचू नका, आत ढकलू नका. आत फुगलेल्या हवेमुळे मासा उलटा तरंगतो आणि उन्हात मरतो. त्यासाठी सोडायची वेगळी दोरी आधीच बांधून ठेवा. काटा दाबलेल्या गळाच्या डोळ्याला अर्धा किलो शिसं, आणि गळाच्या वाकाला दोरी. हा गळ खालच्या ओठाच्या पातळ कातडीत अडकवा, मासा तळापर्यंत उतरू द्या आणि दोरीला वर एक हिसका द्या. गळ सुटतो, मासा खालीच राहतो.

करवत मासा किंवा समुद्रघोडा लागला तर होडीत घेऊच नका. पाण्यातच ठेवून शक्य तितक्या तोंडाजवळ तंगूस कापा.